देवरहाटीच्या लागवडीसाठी ग्रामस्थ व चाकरमान्यांना आवाहन

सर्व मानकरी, ग्रामस्थ, माहेरवाशिणी आणि मुंबई-पुण्याच्या चाकरमानी मंडळींस सप्रेम नमस्कार.

देवळामागची रहाटी, म्हणजे देवाच्या नावाने राखलेले रान, अजून दाट असली, तरी तिच्या खालच्या अंगाचा उतार कित्येक वर्षे ऑस्ट्रेलियन बाभळीखाली अडकला आहे. तिचा पाला लवकर कुजत नाही, गुरे त्याला तोंड लावत नाहीत आणि खाली दुसरे फारसे काही रुजत नाही. रीतसर परवानगी घेऊन ही बाभूळ टप्प्याटप्प्याने काढावी आणि तेथे ऐन, किंजळ, बेहडा, सातवीण, जांभूळ, रातांबा लावावा, असे गावसभेत ठरले आहे.

रोपे मात्र विकत आणायची नाहीत. मागे घाईने गाडीभर आणली, त्यांतली बरीच वाढल्यावर गुलमोहर निघाली. तो अनुभव एकदाच पुरे. आपल्या पावसात आणि जांभ्या कातळावर पिढ्यान्‌पिढ्या टिकलेल्या झाडांचेच बी आपल्याला हवे आहे. ऐन-किंजळाची पंखांची फळे उन्हाळ्यात झाडाखाली वेचता येतात. जांभूळ-रातांब्याचे बी मात्र साठवून चालत नाही, ते ताजे असतानाच पिशवीत गेले पाहिजे. तेव्हा मे महिन्यात पोरांनी जांभळे जरूर खावीत, फक्त बिया परडीत टाकाव्यात. जुन्या बेहड्याच्या ढोलीत ककणेराची (धनेश पक्ष्याची) मादी स्वतःला लिंपून घेते आणि नर फटीतून तिला फळे भरवतो. त्या ढोलीखाली पडलेल्या बियांची रोपे पिल्ले उडून गेल्यावरच, मुळाभोवतीच्या मातीसकट उचलायची आहेत.

दुधाच्या धुतलेल्या पिशव्या, शेणखत आणि पाणी घालायला हात, एवढे गावातून मिळेल. पैसा लागणार आहे तो राखणीसाठी: गुरे आत शिरू नयेत म्हणून पडका गडगा (दगडी कुंपण) पुन्हा रचणे, वणव्याआधी जाळरेषा (आग पसरू नये म्हणून गवत काढलेला पट्टा) काढणे आणि लागवडीनंतरचे दोन उन्हाळे पाणी घालण्यासाठी एक गडी ठेवणे. लावण्याच्या दिवशी फोटोला गर्दी होते, चैत्रात पाण्याला कोणी नसते, म्हणून आधी याचीच तजवीज करीत आहोत. देणगीची पावती मिळेल व हिशेब देवळात वाचला जाईल. झाडांवर मात्र नावाच्या पाट्या ठोकल्या जाणार नाहीत.

शिमग्याची पालखी देवळात परतल्यानंतरच्या पहिल्या रविवारी सकाळी 7 वाजता गडग्याचे काम सुरू होईल. येताना कोयती आणि घमेले आणावे.

आपली नम्र,
देवरहाटी समिती व ग्रामस्थ मंडळ