यंत्र डॉक्टरांचे, हात आमचे

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

दातांच्या दवाखान्यात आलेल्या नव्या यंत्राविषयी कुठे छापून येते तेव्हा सोबत डॉक्टर आणि यंत्र यांचा फोटो असतो. त्या फोटोच्या चौकटीबाहेर सक्शनची नळी धरून जी उभी असते, ती मी. बावीस वर्षे हेच काम करते आहे. माझ्या बाजूने काय दिसले ते थोडे लिहिते.

आमच्याकडे पहिले मोठे यंत्र आले ते आरव्हीजी. फिल्मऐवजी सेन्सर तोंडात ठेवायचा आणि एक्स-रे लगेच संगणकावर पाहायचा. तोवर फिल्म डेव्हलपरमध्ये बुडवा, पाण्यातून काढा, फिक्सरमध्ये टाका, हे सगळे माझ्याकडे. फिक्सरचा डाग नसलेला माझा एकही ॲप्रन नव्हता. त्यामुळे यंत्र आल्याचा सर्वांत जास्त आनंद मलाच झाला होता. कंपनीचा माणूस ऐन गर्दीच्या वेळी आला आणि दोन पेशंटच्या मध्ये डॉक्टरांना बटणे दाखवून गेला. मी तेव्हा आत उपकरणे धूत होते. त्याच संध्याकाळी आम्ही डेव्हलपरचा डबा टाकून दिला.

चौथ्या दिवशी रूट कॅनल चालू होते. दाढेत फाइल (मूळ आतून साफ करायची बारीक सुई) घातलेली, मुळाची लांबी पाहायची, आणि संगणक ढिम्म. कपाटात फिल्म होत्या, पण धुवायला काही नव्हते. तात्पुरते सिमेंट भरून पेशंटला घरी पाठवावे लागले. त्याच आठवड्यात नव्या मुलीने इतर उपकरणांबरोबर सेन्सरही ऑटोक्लेव्हच्या, म्हणजे वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्राच्या, ट्रेमध्ये ठेवला होता, दार लावता लावता माझ्या नजरेस पडला म्हणून वाचला. आमचा सेन्सर त्या वाफेत टिकला नसता. त्याला दर पेशंटला नवे प्लास्टिकचे आवरण घालायचे आणि काम झाल्यावर सांगितलेल्या द्रावणानेच पुसायचे, हे तिला कोणी सांगितले नव्हते. मला तरी कुठे सांगितले होते!

शिवाय फिल्म पातळ, थोडी वाकते. सेन्सर जाड, ताठ, वर त्याला वायर. ज्याला चटकन उबळ येते त्याच्या शेवटच्या दाढेपाशी तो बसवणे ही हाताची सवय आहे, ती वाचून येत नाही. आमचे डॉक्टर सांगतात, १८९६ साली जर्मनीत ओटो वाल्कहोफ यांनी स्वतःच्या दाढांचा एक्स-रे काढला तेव्हा त्यांना २५ मिनिटे किरणांसमोर राहावे लागले. आमच्याकडे पेशंट पंचवीस सेकंदांतच वायर चावू लागतो.

पुढे स्कॅनर घ्यायचे ठरले. तोंडात पुटी भरून माप घेण्याऐवजी छोटा कॅमेरा फिरवायचा. ही कल्पना तशी जुनीच. झुरिकच्या वेर्नर म्योरमान यांनी १९८५ मध्ये अशा मापावरून पेशंटच्या दातात भरण बसवले होते. आम्हाला मात्र ते नवे होते. या वेळी मी धीर करून म्हटले, "डॉक्टर, आधी पेशंट नको. आधी आम्ही."

महिनाभर दुपारच्या रिकाम्या वेळात प्लास्टरच्या मॉडेलवर हात फिरवला. मग एकमेकींच्या तोंडात. शेवटी डॉक्टर स्वतः खुर्चीत आडवे झाले आणि मी त्यांचा खालचा जबडा स्कॅन केला. गाल ओढल्यावर काय वाटते ते त्यांना बहुधा त्या दिवशीच कळले, कारण तेव्हापासून ते आरसा हळू धरतात. आधी चावण्याचा भाग, मग जिभेकडची बाजू, मग गालाकडची. हा क्रम मोडला की चित्र तुटते. लाळ साचली की दाताच्या जागी चकाकता डाग येतो. कॅपसाठी घासलेल्या दाताची कड हिरडीखाली गेली असेल तर तिथे दोरा ठेवून हिरडी बाजूला करावीच लागते, आणि रक्त आले तर कॅमेरा आंधळा. म्हणजे स्कॅन जमणे निम्मे सक्शन धरणाऱ्यावर आहे. हे विक्रेत्याच्या माहितीपत्रकात मला तरी दिसले नाही.

सुरुवातीला दोन महिने एकेका कॅपसाठी आम्ही स्कॅनही केला आणि पुटीचे मापही घेतले. वेळ दुप्पट जायचा, म्हणून त्या पेशंटना जास्त वेळाची अपॉइंटमेंट दिली आणि कारणही सांगितले. लॅबमधले तंत्रज्ञ फोन करून "आतली कड दिसत नाही" म्हणायचे. त्या फोनवरून मी जेवढी शिकले तेवढी प्रशिक्षणात शिकले नाही. मग फोन कमी झाले, आणि पुटी आपोआप मागे पडली. पूर्ण कवळीसाठी मात्र आम्ही अजून हातानेच माप घेतो, त्यात कमीपणा वाटत नाही.

पेशंटला यंत्राचे कौतुक असतेच असे नाही. बिल वाढवायला आणले असेल, ही शंका डोळ्यांत दिसते. पडदा त्यांच्याकडे वळवला की बोलणे बदलते. एका आजोबांनी स्वतःची तडकलेली दाढ पाहिली आणि म्हणाले, "ही माझी? मग इतके दिवस मी उगाच तुमच्याशी वाद घालत होतो."

माझी तक्रार एवढीच, की विकणारे फक्त डॉक्टरांना शिकवतात. स्कॅनरचे टोक किती वेळा ऑटोक्लेव्ह करता येते याची मर्यादा कंपनीने दिलेली असते. ते मोजणार कोण? आमच्याकडे एका वहीत रेघा ओढून मी मोजते. उद्या मी नसले तर ती वही कुठे आहे हे दुसरीला माहीत हवे, म्हणून ती स्कॅनरशेजारीच बांधून ठेवली आहे.

आता कॅप दवाखान्यातच कोरणारे यंत्र घ्यायचे चालले आहे. त्याची पाण्याची टाकी कोण साफ करणार आणि ते बंद पडले त्या दिवशी पेशंटला काय सांगायचे, असे मी विचारले आहे. अजून उत्तर आलेले नाही, म्हणून यंत्रही आलेले नाही.

आपली,
एक डेंटल असिस्टंट
(नाव प्रसिद्ध करू नये, ही विनंती.)