वागळे इस्टेटमधील एका कारखानदारास अनावृत पत्र

आदरणीय काका,

सा. न. वि. वि.

आपले आणि आपल्या कारखान्याचे नाव कोठेही येऊ नये, या एकाच अटीवर आपण या पत्रास संमती दिलीत. ती अट पाळून, ठाण्याच्या वागळे इस्टेटमधील एका लहान मशीन शॉपचे मालक एवढ्याच ओळखीवर मी आपले जाहीर आभार मानत आहे. घरी येऊन आभार मानून झालेच आहेत. परंतु व्यसनात सापडलेल्या माझ्या धाकट्या भावाच्या बाबतीत आपण जे केलेत ते इतर मालकांनाही करता येण्याजोगे आहे, त्याला फारसा पैसा लागत नाही आणि कायद्याचीही आडकाठी नाही, हे चारचौघांत सांगितले जावे म्हणून हा खटाटोप.

भाऊ आयटीआयमधून टर्नर होऊन आपल्याकडे लेथवर लागला, तेव्हा त्याच्या हाताचे आपणच कौतुक करत होतात. पुढे त्याच हातून टेपर चुकू लागला, व्हर्नियरची मापे लिहिताना आकडे खालीवर होऊ लागले, पगार होऊन आठवडा उलटायच्या आत उचल मागितली जाऊ लागली आणि एके दिवशी पितळी बुशांची एक पेटी वजनाला कमी भरली. मागच्या शौचालयात नशेचा धूर ओढायला वापरलेली काळी पडलेली पन्नी सापडली, तेव्हा आपल्याला उलगडा झाला. प्रत्यक्षात तोवर तो ब्राऊन शुगरच्या, म्हणजे भेसळीच्या हेरॉइनच्या, धुरावरून सुईवर गेलेला होता. आपण तक्रार नोंदवू शकत होतात. तो आपला हक्कच होता. आपण मला फोन केलात आणि म्हणालात, “पितळेचं नंतर बघू. पोरगा कुठल्या डॉक्टरकडे आहे, ते आधी सांग.” तो कोणत्याच डॉक्टरकडे नव्हता.

आपल्याला हे कसे सुचले, याचे उत्तर मला बऱ्याच काळाने मिळाले. आपले बालपण लालबागच्या चाळीत गेले. जानेवारी १९८२ मध्ये गिरण्यांचा संप सुरू झाला, तो रीतसर कधी मागे घेतलाच गेला नाही, आणि त्याच दशकात मुंबईत गर्द, म्हणजे हीच ब्राऊन शुगर, आली. घरात बसून राहिलेल्या गिरणी कामगारांची मुले आपल्या डोळ्यांसमोर तिच्या आहारी गेली. त्यांना मारून पाहिले, बांधून पाहिले, गावी पाठवून पाहिले, असे आपण एकदा डबा खाताना सांगितलेत आणि पुढे बोलला नाहीत.

आमच्या घरीही तेच झाले. नातेवाइकांनी सुचवलेल्या एका खाजगी केंद्रात भाऊ राहिला. तेथे डॉक्टर येत नव्हते, भेटीस मनाई होती आणि पाठीवर वळ घेऊन तो परत आला. मुळात व्यसनातून उद्भवणारे आजार २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने मानसिक आजारांत धरले आहेत. त्यामुळे असे केंद्र चालवणाऱ्यावर नोंदणीचे बंधन आहे आणि आत असलेल्या माणसाला क्रूर वागणुकीपासून संरक्षण मिळण्याचा हक्क आहे. कोंडून ठेवण्याचा धोका तर त्याहून गंभीर असतो. काही आठवडे पदार्थ बंद राहिला की शरीराची सहनशक्ती उतरते, आणि बाहेर आलेल्या माणसाने जुन्याच सवयीने जुनीच मात्रा घेतली तर श्वास मंदावून तो दगावू शकतो. तुरुंगातून सुटलेल्यांच्या बाबतीतही हेच घडते. “आत टाका, सुधारेल” असे म्हणणाऱ्यांच्या हे गावीही नसते.

त्यानंतर आपल्या आग्रहामुळे तो सरकारी रुग्णालयातील ओएसटी केंद्रात, म्हणजे हेरॉइनसारख्या अफूजन्य नशेच्या जागी देखरेखीखाली औषध देणाऱ्या केंद्रात, गेला. तेथे ब्युप्रेनॉर्फिनची गोळी रोज परिचारिकेसमोर जिभेखाली ठेवावी लागते, आणि ती पूर्ण विरघळेपर्यंत समोरच्या बाकावरून उठू देत नाहीत. या औषधाने नशा चढत नाही, पण तलफ आणि अंगदुखी, उलट्या, जुलाब, निद्रानाश हा नशा तुटल्याचा त्रास आटोक्यात राहतो. सुई थांबते आणि तिच्याबरोबर येणारी एचआयव्ही व काविळीची भीतीही कमी होते. एका नशेच्या जागी दुसरी नशा, असे अनेक सुशिक्षित लोक या उपचाराला नाक मुरडून म्हणतात. तेच लोक मधुमेहाची गोळी मात्र जन्मभर विनातक्रार घेतात. असो.

या उपचाराची खरी अडचण अशी की, तो रोज सकाळी असतो आणि कारखान्यांची पाळीही सकाळीच सुरू होते. नोकरी हवी तर गोळी चुकते, गोळी हवी तर नोकरी जाते. या ठिकाणी आपण जे केलेत, त्यासाठी मुख्यतः हे पत्र आहे. आपण त्याची वेळ दीड तास पुढे नेलीत आणि तो वेळ संध्याकाळी भरून घेतलात. मात्रा बसेपर्यंत गुंगी येते, म्हणून त्याला लेथवरून उतरवून स्टोअरमध्ये नग मोजायला बसवलेत. त्याला अपमान वाटला, तरी बदलला नाहीत. त्याच्याकडून लेखी घेऊन पगार माझ्या खात्यात जमा केलात. उचल बंद केलीत, मात्र डब्याचे पैसे परस्पर खानावळीला दिलेत. पितळेची किंमत काढून ती हप्त्यांनी कापून घेतलीत आणि प्रत्येक हप्त्याची पावती दिलीत. त्या पावत्या त्याने जपून ठेवल्या आहेत. माफी मिळाली असती तर ती त्याला पेलली नसती, असे तो स्वतः म्हणतो. इतर कामगारांनाही आपण एकदाच सर्वांसमोर सांगितलेत की हा आजारी आहे, औषध घेत आहे, याला कोणी उसने पैसे द्यायचे नाहीत आणि टोमणेही मारायचे नाहीत.

मध्येच तो घसरला. आठ-दहा दिवस गायब होता आणि स्टेशनजवळ एका पुडीसह पोलिसांना सापडला. अशा वेळी बहुतेक ठिकाणी माणसाचे नाव हजेरीपटावरून निघते. आपण आपल्या ओळखीच्या वकिलांना गाठलेत आणि अमली पदार्थविरोधी कायद्यात आम्हाला ठाऊक नसलेले एक कलम निघाले. १९८५ च्या या कायद्याच्या कलम २७ नुसार हेरॉइनचे सेवन केल्यास एक वर्षापर्यंत सक्तमजुरी किंवा वीस हजारांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. परंतु कलम ६४अ असे सांगते की, सेवनाचा किंवा अल्प प्रमाणातील पदार्थाचा आरोप असलेला व्यसनी स्वेच्छेने सरकारी अथवा सरकारमान्य संस्थेत उपचार घेत असेल, तर त्याच्यावर खटला चालवला जाऊ नये. उपचार अर्धवट सोडल्यास मात्र हे संरक्षण काढून घेता येते. हेरॉइनच्या बाबतीत हे अल्प प्रमाण ५ ग्रॅमपर्यंत आहे, आणि त्याची पुडी त्याहून कितीतरी हलकी होती. न्यायालयात रुग्णालयाच्या कागदांसोबत आपले लेटरहेडवरील चार ओळींचे पत्रही गेले: हा आमचा कामगार आहे, त्याची जागा रिकामी ठेवली आहे आणि उपचारांच्या वेळेची सवलत चालू राहील. त्या चार ओळींचे वजन किती पडले, हे वकिलांनी मला नंतर सांगितले.

याचा अर्थ कायद्याने सर्वांनाच सोडून द्यावे, असे माझे म्हणणे नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे जिल्ह्यातील कुरकुंभच्या कारखान्यातून शेकडो किलो मेफेड्रोन हा रासायनिक अमली पदार्थ पकडला गेला. तेथे पोलिसांनी कसर ठेवू नये. या कायद्यात २००१ साली झालेल्या दुरुस्तीने अल्प आणि व्यापारी प्रमाण यांच्या शिक्षा वेगळ्या केल्या, त्या याच विचाराने. परंतु आमच्या इमारतीत हा भेद कोणाला मान्य नव्हता. समितीने घर रिकामे करण्याविषयी तोंडी सुचवले आणि हळदीकुंकवाचे बोलावणे दोन मजले आधीच थांबू लागले. पुडी विकणारा मात्र नाक्यावर उजळ माथ्याने उभा असे आणि त्याला विचारण्याची कोणाची छाती नव्हती. समाजाचा सगळा संताप जो हाताशी सापडतो त्याच्यावरच निघतो, आणि हाताशी सापडतो तो सहसा आजारी माणूस.

एम्सने केलेल्या आणि केंद्र सरकारने २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या सर्वेक्षणानुसार, अफूजन्य पदार्थांच्या सेवनामुळे मदतीची गरज असलेल्या भारतीयांची संख्या सुमारे ७७ लाख आहे. एवढ्यांसाठी तुरुंगही पुरणार नाहीत आणि रुग्णालयेही. पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले, त्यामागे पु. ल. देशपांडे उभे राहिले, याचा अभिमान आपण मराठी माणसे योग्यच बाळगतो. पण संस्थेतून बाहेर पडल्यावर तो माणूस सोमवारी सकाळी जाणार कोठे, हा प्रश्न संस्थेच्या फाटकाबाहेरच्यांनी सोडवायचा असतो. माझ्या भावापुरता तो आपण सोडवलात.

आता तो पुन्हा लेथवर आहे. गोळी अजून चालू आहे आणि डॉक्टरांना ती कमी करण्याची घाई नाही, आपणही कधी “किती दिवस चालणार?” असे विचारले नाहीत, याबद्दल वेगळे आभार.

आपल्या परिसरातील कारखानदारांच्या बैठकीत या विषयावर बोलाल का, असे आपण मला विचारले होते. मी येईन. केंद्रातील समुपदेशकांनाही विचारले आहे. त्यांना शनिवारी दुपारी चारनंतर जमेल. मालकांनी उचल, पगार आणि पाळीची वेळ यांविषयी काय करावे, याचा एक पानी मसुदा त्यांनी करायला घेतला आहे. त्यात व्यसनमुक्तीसाठीच्या राष्ट्रीय मदतवाहिनीचा १४४४६ हा क्रमांकही छापणार आहोत. एका गोष्टीवर आमचे एकमत झालेले नाही: तिसऱ्यांदा घसरलेल्या कामगाराची जागा ठेवावी की नाही. समुपदेशक ठेवावी म्हणतात. दहा कामगारांच्या शॉपमध्ये ते कितपत परवडते, हे आपणच सांगू शकाल. मसुदा छापण्यापूर्वी आपले मत कळवावे, ही विनंती.

आपली कृतज्ञ,
आपल्याकडील एका टर्नरची बहीण