बाप्तिस्मा म्हणजे बारसे नव्हे

माननीय संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारी आपल्या शहर पुरवणीत, पाळक (चर्चचे धर्मगुरू) एका तान्ह्या बाळाच्या मस्तकावर पाणी ओतत असल्याचे सुरेख छायाचित्र प्रसिद्ध झाले आणि त्याखाली ‘ख्रिस्ती पद्धतीचे बारसे’ अशी ओळ होती. छायाचित्र आपुलकीने छापले होते यात शंका नाही, आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमधील समुदायात, त्याचे कौतुकही झाले. तरीही ती ओळ चुकीची आहे: ते बारसे नव्हते, तर बाप्तिस्मा, म्हणजे ख्रिस्ती मंडळीत प्रवेशाचा पाण्याचा संस्कार होता. हा गैरसमज नागपुरात शेजारीपाजारी आणि शाळेतील सहकाऱ्यांकडून मी गेली चाळीस वर्षे ऐकत आले आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

बारसे आमच्याकडेही होते. माझ्या नातवाचे झाले तेव्हा पाळणा फुलांनी सजवला होता, आत्याने बाळाच्या कानात नाव सांगितले आणि आलेल्या बायकांना घुगऱ्या वाटल्या. बाप्तिस्मा त्यानंतर पाच महिन्यांनी, रविवारच्या उपासनेत झाला. तोवर नाव जन्मदाखल्यावर चढलेले होते आणि सगळे त्याला त्याच नावाने हाक मारत होते. पाळकांनी ते नाव उच्चारले खरे, परंतु ज्याला बाप्तिस्मा द्यायचा त्याला नावाने बोलावणे आणि त्याचे नाव ठेवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

घोटाळा बहुधा इंग्रजी वहिवाटीतून आला असावा. इंग्लंडमध्ये बाप्तिस्म्याच्या वेळी उच्चारलेल्या पहिल्या नावाला ‘ख्रिश्चन नेम’ म्हणण्याची पद्धत पडली आणि हळूहळू संस्कार व नामकरण लोकांच्या मनात एक झाले. प्रत्यक्षात मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या अखेरीस येशूने शिष्यांना जी आज्ञा दिली, तिच्यात बाळाच्या नावाचा उल्लेखच नाही. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या नावाने बाप्तिस्मा द्या, असे तिथे सांगितले आहे, आणि मूळ ग्रीक शब्दयोजना पाहिली तर तिचा रोख ‘त्या नावात’ असा आहे. म्हणजे या संस्कारात मनुष्याला नवे नाव मिळत नाही, तर मनुष्य देवाच्या नावाखाली, त्याच्या मालकीत जातो. रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे उदाहरण मराठी वाचकांना जवळचे वाटेल. नागपूरहून राजनांदगावला जाताना रेल्वेच्या डब्यात एका गोऱ्या सहप्रवाशाने त्यांना नवा करार दिला, आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यानंतरही ते १९१९ साली मृत्यू येईपर्यंत नारायण वामन टिळकच राहिले. कॅथलिक परंपरेत संतांची नावे ठेवण्याचा प्रघात मोठा आहे, पण १९८३ च्या त्यांच्या धर्मविधानातही नाव ख्रिस्ती भावनेला परके नसावे एवढीच अपेक्षा आहे.

मग पाणी कशासाठी? ‘बाप्टिझो’ या ग्रीक क्रियापदाचा अर्थ बुडवणे, आणि त्याच धातूचा शब्द कापड रंगात बुडवण्यासाठीही वापरला जाई. पाणी मळ धुते, तशी पापक्षमा हा अर्थ त्यात आहेच. परंतु प्रेषित पौलाने रोमकरांस लिहिलेल्या, बायबलमधील पत्रात त्याहून खोल अर्थ मांडला आहे: पाण्याखाली जाणे म्हणजे ख्रिस्ताबरोबर मरणे व पुरले जाणे, आणि पाण्यातून वर येणे म्हणजे त्याच्याबरोबर नव्या जीवनात उठणे. म्हणूनच प्राचीन मंडळीत ईस्टरच्या रात्री बाप्तिस्मा देण्याची प्रथा होती. बाळाच्या डोक्यावर तीन वेळा ओंजळभर पाणी पडते तेव्हा पाहणाऱ्याला ते गोड दृश्य वाटते, आम्हालाही वाटते, पण तिथे मरण आणि पुनरुत्थान यांविषयी बोलले जात असते.

बाळाला यातले काय कळते, हा प्रश्न प्रामाणिक आहे आणि तो ख्रिस्ती लोकांनीही एकमेकांना शतकानुशतके विचारला आहे. १५२५ साली झुरिचमध्ये काही जणांनी, विश्वास स्वतःच्या तोंडाने कबूल केल्यावरच बाप्तिस्मा खरा, असे म्हणून पुन्हा बाप्तिस्मा घेतला आणि त्यासाठी अनेकांनी प्राण गमावले. माझा बाप्तिस्मा मी तीन महिन्यांची असताना झाला. माझ्या यजमानांचा सोळाव्या वर्षी, पूर्ण पाण्यात बुडवून झाला, कारण त्यांचे घराणे त्या परंपरेतले. आम्ही दोघे गेली छत्तीस वर्षे एकाच बाकावर बसून एकाच प्रभुभोजनात (भाकर व द्राक्षारसाच्या विधीत) सहभागी होतो, आणि हे ज्यामुळे शक्य झाले ती घटना आपल्याच शहरात घडली. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरच्या ऑल सेंट्स कॅथेड्रलमध्ये सहा मंडळ्या एक होऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले. त्यांत अँग्लिकनांसारखे बालबाप्तिस्मा देणारे होते, तसेच बॅप्टिस्ट आणि डिसायपल्स ऑफ क्राइस्ट यांच्यासारखे तो न मानणारेही होते. कुणालाही आपली रीत सोडायला न लावता दोन्ही पद्धती ग्राह्य धरल्या गेल्या: आईवडिलांनी व मंडळीने बाळाच्या वतीने वचन द्यायचे आणि मोठेपणी दृढीकरणाच्या वेळी मुलाने ते आपलेसे करायचे, किंवा बाळाचे केवळ समर्पण करून बाप्तिस्म्यासाठी त्याच्या स्वतःच्या कबुलीची वाट पाहायची. माझे वडील त्या दिवशी तिथे हजर होते आणि ती आठवण ते शेवटपर्यंत अभिमानाने सांगत. नागपूरकरांना ही घटना फारशी ठाऊक नाही, याची मला खंत वाटते.

बाप्तिस्मा एकदाच होतो, हेही सांगायला हवे. नायसिया-कॉन्स्टँटिनोपलच्या विश्वासांगीकारात, म्हणजे ख्रिस्ती श्रद्धेच्या प्राचीन जाहीर कबुलीत, ‘एकच बाप्तिस्मा’ असे शब्द आहेत. अलीकडे काही तरुणांना, लहानपणीचा तुमचा बाप्तिस्मा खोटा होता, पुन्हा घ्या, असे सांगितले जाते. माझ्या ओळखीच्या एका मुलीला हे ऐकून आपल्या आईवडिलांनी आपल्याला फसवले असे वाटू लागले, तेव्हा तिच्या आईचे रडणे मी पाहिले आहे. देवाने दिलेले वचन आपल्या आठवणीवर अवलंबून नसते, असे माझे ठाम मत आहे. पाणी ओतणाऱ्याच्या योग्यतेवरही ते अवलंबून नाही. म्हणूनच जन्मताच जीव धोक्यात असलेल्या बाळाला प्रसूतिगृहातील परिचारिकेने पाणी ओतून व पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या नावाचे शब्द उच्चारून दिलेला बाप्तिस्मासुद्धा कॅथलिक धर्मसभा पूर्ण मानते.

राहिला शब्दांचा प्रश्न. प्रोटेस्टंट मंडळ्या ‘बाप्तिस्मा’ म्हणतात, कॅथलिक बांधव ‘स्नानसंस्कार’ही म्हणतात, आणि दोन्ही शब्द मराठीत रुळलेले आहेत. ‘दीक्षा’ हा शब्द अर्थाने जवळचा असला, तरी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. आंबेडकरांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्यानंतर नागपुरात त्याला स्वतःचे मोठे स्थान आहे, त्यामुळे तो इथे वापरू नये असे मला वाटते. यापुढे असे छायाचित्र छापताना ‘बाप्तिस्मा’ किंवा ‘स्नानसंस्कार’ असे लिहावे, आणि शक्य झाल्यास गेल्या रविवारच्या ओळीची दुरुस्ती प्रसिद्ध करावी, ही नम्र विनंती.

आपली विश्वासू,
एक निवृत्त शिक्षिका,
सदर, नागपूर