‘ते ठेवा खाली’ म्हणणाऱ्या मावशींना

मावशी, सप्रेम नमस्कार.

बाजारात तुमच्यासमोर उभी असताना हे सगळं बोलता येत नाही. मागे गिऱ्हाईक खोळंबलेलं असतं, तुमचा एक हात काट्यावर असतो, आणि मी पिशवी सावरत ‘येते हं मावशी’ एवढंच म्हणून निघते. मागचा अख्खा हिवाळा असाच गेला. यंदाचा तरी तसा जाऊ नये म्हणून लिहायला बसले. पत्र उघड लिहिते आहे, कारण फळं निवडण्याबद्दल तुम्ही मला जे शिकवलंत ते चार घरांत पोचावं असं मनापासून वाटतं.

तुमच्याकडे पहिल्यांदा आले त्याच्या आदल्या दिवशीची गोष्ट तुम्हाला कधी सांगितली नाही. आई मोठ्या आजारातून उठत होती. तोंडाची चव पार गेलेली. जेवण नको, दूध नको. ‘एखादं संत्रं खाईन’ म्हणाली. मी धावत जाऊन दुसरीकडून सहा संत्री आणली. चांगली मोठी, तकतकीत, भडक केशरी. सोलायला घेतलं तर साल नुसती हात लावताच सुटून आली आणि मला वाटलं, वा, काय छान पिकलंय! आईनं एक फोड तोंडात धरली, बराच वेळ चघळली आणि चोथा हळूच वाटीच्या कडेला काढून ठेवला. बोलली काहीच नाही. दुसरी फोड मी उकलून पाहिली, तर आतल्या रसाच्या कळ्या पांढरट आणि कोरड्या, कापसासारख्या. सहाच्या सहा तशीच निघाली. आजारी माणसानं दहा दिवसांनी एक गोष्ट मागितली आणि तीही आपल्याला धड देता आली नाही, हे फार लागलं मला.

दुसऱ्या दिवशी तुमच्या पाटीपुढे उभी राहिले आणि हात पुन्हा सगळ्यात मोठ्या संत्र्याकडेच गेला. तेव्हा तुम्ही म्हणालात, “ताई, ते ठेवा खाली.”

विकणाऱ्यानं गिऱ्हाइकाला असं सांगितलेलं मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. तुम्ही ते मोठं संत्रं माझ्या डाव्या हातात ठेवलंत, एक लहानसं, दिसायला साधं असं उजव्या हातात दिलंत, आणि म्हणालात, “डोळे मिटा. आता सांगा, जड कुठलं?” उजवा हात खाली जात होता. ते लहान संत्रं हातात गोट्यासारखं बसलं होतं आणि मोठं नुसतंच हात भरून होतं. “वजन म्हणजे रस,” तुम्ही म्हणालात. मग मोठ्याच्या सालीवर अंगठा अलगद टेकवून दाखवलात. साल आत गेली, खाली पोकळी होती. “ही साल फळापासून सुटलीय. झाडावर जास्त दिवस राहिलं की साल वाढत जाते, आतलं सुकत जातं.”

त्या दिवशी नेलेल्या संत्र्यांपैकी दोन आईनं संपवली. वाटीत चोथा नव्हता.

तुमच्या एकेका बोलण्यामागचं कारण मी नंतर शोधून वाचत गेले. तुमच्यावर विश्वास नव्हता म्हणून नव्हे; उलट एवढं बारीक तुम्हाला कसं कळतं याचं नवल वाटलं म्हणून. एकदा तुम्ही मला थोडी हिरवट झाक असलेली संत्री काढून दिलीत आणि मी तोंड वाकडं केलं. “रंगावर जाऊ नका, रंग थंडीचा असतो,” एवढंच बोललात. ते शब्दशः खरं निघालं. रात्री गार पडायला लागल्या की सालीतलं हरितद्रव्य विरतं आणि खालचा केशरी रंग वर येतो. हवा उबदार राहिली तर आत पूर्ण पिकलेलं, गोड झालेलं संत्रंसुद्धा बाहेरून हिरवंच राहतं. काही जातींची फळं तर झाडावर केशरी होतात आणि ऊन वाढलं की पुन्हा हिरवी पडतात. शिवाय साठवणीच्या खोलीत इथिलीन वायू सोडून हिरव्या सालीला केशरी करता येतं. त्यानं रंग येतो, गोडी येत नाही. कारण संत्रं तोडल्यावर पिकत नाही, झाडावर जेवढं गोड झालं तेवढंच. इतकी वर्षं मी संत्री रंगावरून घेत होते!

पेरूच्या बाबतीत तुम्ही मला हात लावूच दिला नाहीत. “आधी नाक.” पेरू देठाजवळ हुंगायचा, वास आला तर तो आज खायचा, वास नाही पण हिरव्यातून पोपटीकडे वळलाय तर दोन दिवसांनी, आणि गडद हिरवा, दगडासारखा असेल तर झाडावर राहायला हवा होता तो. पाडाला आलेला पेरू घरी बाहेर ठेवायचा, फ्रीजमध्ये ढकलायचा नाही, हेही तुम्हीच सांगितलंत. आईला चावायला जड जाईल म्हणून मी पेरू टाळत होते. तुम्ही मऊ, वासाचे निवडून दिलेत आणि ‘बिया काढून द्या, पण द्या’ म्हणालात. पेरूत क जीवनसत्त्व संत्र्याच्या जवळजवळ चौपट असतं, शंभर ग्रॅमला दोनशे मिलिग्रॅमच्या वर, हे मला तोवर ठाऊक नव्हतं. आजारी माणूस आणि फळ यावर वाचताना एक जुनी हकिगत सापडली. १७४७ साली जेम्स लिंड नावाच्या ब्रिटिश आरमारातल्या डॉक्टरनं स्कर्व्ही, म्हणजे क जीवनसत्त्वाच्या अभावानं होणारा आजार, झालेल्या १२ खलाशांच्या सहा जोड्या करून प्रत्येक जोडीला वेगवेगळा उपचार दिला. ज्या दोघांना संत्री-लिंबं मिळाली ते सगळ्यांत लवकर सुधारले, आणि सहा दिवसांत त्यातला एक कामावर जाण्याजोगा झाला. आईच्या उशाशी बसून मी हे तिला वाचून दाखवलं होतं. ती म्हणाली, “मग दे अजून एक फोड.”

आता डाळिंबं. मावशी, तुमचे आभार मानायचे ते मुख्य याचे.

डाळिंब मी नेहमी गोल गरगरीत, गुळगुळीत, लालबुंद बघून घ्यायची. तुम्ही हातात दिलंत ते कोनाकोनाचं होतं, जणू कुणी बाजूंनी थोडं ठोकून सपाट केलेलं. सालीवर तपकिरी खरचटे. “दाणे भरले की आतून सालीला रेटतात, मग गोलाई जाते आणि कोन पडतात. खरचटा काय, फांदीला घासलं की पडतो. चीर मात्र नको, चिरेतून बुरशी आत शिरते.” हे तुम्ही बोटानं एकेक कोन दाखवत सांगितलंत. मग बोटाच्या सांध्यानं ठक् ठक् वाजवून आवाज ऐकवलात: भरलेल्याचा खणखणीत, पोचटाचा बसका.

आणि मग तो दिवस. आईला रक्त वाढायला हवं होतं, घरात पाहुणे यायचे होते, मला दोन किलो डाळिंबं हवी होती. नवी पेटी तुम्ही नुकतीच फोडली होती. वरचा थर देखणा होता. मी पिशवी पुढे केली. तुम्ही एक उचललंत, तळव्यावर तोललंत, खाली ठेवलंत. दुसरं उचललंत. कपाळावर आठी आली. मग चाकू घेऊन तुम्ही स्वतःच्या पेटीतलं, स्वतःच्या पैशाचं डाळिंब उभं चिरलंत. बाहेरून काही म्हणजे काही दिसत नव्हतं. आत अर्धे दाणे काळे पडून मऊ झाले होते.

“ताई, आज नको. परवा या, दुसरा माल येईल.”

मला ते डाळिंब तुम्ही दाखवलं नसतंत तरी चाललं असतं. मी घेऊन गेले असते, घरी चिरल्यावर हळहळले असते आणि नशिबाला बोल लावून गप्प बसले असते. तुम्ही पेटी उचलून पाटीच्या मागे ठेवलीत आणि तिच्यावर गोणपाट टाकलंत. माझ्या मागच्या बाईंनाही तेच सांगितलंत. थंडीतली संध्याकाळ, बाजार भरात, आणि तुमच्या पुढचा निम्मा कोपरा रिकामा. त्या पेटीचे पैसे तुमचे गेले हे मला तेव्हाच कळलं होतं आणि तरी मी ‘बरं, परवा येते’ म्हणून निघून आले. त्याचे आभार आज मानते. आतले दाणे काळे करणारा हा रोग फुलातूनच आत शिरतो आणि फळ वाढतं तसा आत पसरतो, साल मात्र चांगलीच राहते, असं पुढे वाचलं. फार तर वजन थोडं कमी लागतं आणि रंग किंचित उतरलेला असतो. तुमच्या तळव्याला ते कळलं होतं.

सफरचंदाचं सांगायला तुम्ही थोडे कष्ट घेतलेत, कारण मला ‘ताजं’च हवं होतं. थंडीत येतं ते बहुतेक आधीच्या तोडणीचं, शीतगृहातून आलेलं असतं, हे तुम्ही लपवलं नाहीत. शून्य अंशाच्या आसपास थंड ठेवून, हवेतला प्राणवायू २१ टक्क्यांवरून दोन-तीन टक्क्यांवर आणून ते महिनोन्महिने टिकवतात. म्हणजे फळ जणू झोपलेलं असतं, वाईट नसतं. वाईट असतं ते बाहेर काढून खूप दिवस पडून राहिलेलं: टिचकी मारली की बद्द वाजतं आणि दाताखाली पिठूळ लागतं. करकरीत हवं तर आवाज करकरीत हवा.

नाशपाती बाहेरून मऊ होईपर्यंत थांबणं ही माझी चूक होती. ती आतून बाहेर पिकत येते, त्यामुळे पोट मऊ लागलं तर गाभा केव्हाच उतरलेला असतो. देठाजवळची मान अंगठ्याला किंचित दबली की खायची, हे आता घरातल्या सगळ्यांना पाठ आहे. कडक नाशपाती कागदाच्या पिशवीत सफरचंदाशेजारी ठेवायला सांगितलंत, दोन दिवसांत ती मऊ झाली. सफरचंदातून इथिलीन निघतं आणि तेच शेजारच्या फळाला पिकवतं. झाडं हा वायू स्वतः तयार करतात हे शास्त्रज्ञांनी १९३४ साली दाखवून दिलं. तुम्हाला ते तुमच्या आईनं सांगितलं होतं, असं तुम्ही म्हणालात.

द्राक्षांवरची पांढरी भुकटी औषधाची समजून मी घासून पुसत बसायची. ती द्राक्षाच्या सालीचीच, मेणाची असते आणि ती शाबूत असेल तर घड फारसा हाताळलेला नाही, हे तुम्ही सांगितलंत. देठ हिरवा हवा, घड हलवला तर मणी गळता कामा नयेत. स्ट्रॉबेरीचा डबा उलटा करून तळ बघायचा; खांद्याशी पांढरी राहिलेली घरी नेऊन गोड होत नाही.

एक गोष्ट मात्र फळांपलीकडची आहे आणि ती मला सारखी आठवते. मी संत्री निवडताना प्रत्येकाला अंगठ्यानं दाबून बघत होते. तुम्ही माझा हात धरलात. रागानं नाही, पण घट्ट. “दाबू नका, पोरी. तुम्ही दाबून ठेवलेलं फळ दुसऱ्याच्या घरी जाऊन सडतं.” तोवर तुम्ही मला ताई म्हणत होतात. आदल्या दिवशीच्या त्या सहा संत्र्यांना माझ्याआधी किती जणांची बोटं लागली असतील, असं तेव्हा मनात आलं. त्या दिवसापासून मी फळ उचलते, तोलते, हुंगते, परत ठेवायचं असेल तर होतं तसं ठेवते. नणंदेच्या मुलीला परवा हेच शिकवत होते, तिनं दोन संत्री हातात घेतली, मी न सांगताच डोळे मिटले आणि म्हणाली, “मामी, हे जड आहे.” ते ऐकताना मला तुमची फार आठवण आली.

आई आता बरी आहे. जिने उतरते, चढते, अधेमधे दम लागतो एवढंच. मागच्या हिवाळ्यात तिनं तुमच्या पाटीवरचं काय काय खाल्लं याचा हिशेब तिच्याकडे आहे, पण तुम्हाला तिनं अजून पाहिलेलं नाही. येत्या शनिवारी सकाळी, गर्दी व्हायच्या आत, तिला घेऊन येते आहे. आमच्यासाठी काही बाजूला काढून ठेवू नका, मावशी. तिचं म्हणणं आहे की संत्री ती स्वतः तोलून घेणार. फक्त तिला टेकायला तुमचं ते लाकडी खोकं तेवढं रिकामं ठेवा.

तुमची,
शनिवारची गिऱ्हाईक