पिंडारी हिमनदी ट्रेक : निघण्यापूर्वी वाचाच

उत्तराखंडातल्या या ट्रेकला खाती, द्वाली, फुरकिया आणि शेवटी हिमनदीसमोरचा झिरो पॉइंट असा आपला मार्ग आहे. झिरो पॉइंट साधारण ३६६० मीटरवर आहे. फुरकियाहून पहाटे पाचला निघायचं म्हणजे निघायचंच, कारण उन्हं वर आली की दरीतून ढग चढतात आणि नंदाकोट, छांगुच ही शिखरं दिसेनाशी होतात. झिरो पॉइंटच्या पुढे कडा ढासळलेला आहे. फोटोसाठीही कुणी काठावर जाऊ नये.

बूट नवे असतील तर आजपासून रोज घालून चाला. कोऱ्या बुटांनी द्वालीपर्यंतच टाचा सोलतात, कारण खातीपासूनचा तो टप्पा लांब आहे. अंगाला लागून सुती बनियन नको. घामाने ओला झाला की वाळत नाही आणि थांबताच हुडहुडी भरते. लोकरी मोज्यांचे तीन जोड घ्या, त्यातला एक फक्त झोपताना. पाणी दिवसाला तीन-चार लिटर, तहान नसली तरी.

डोकं दुखून मळमळलं तर लगेच सांगा, लपवू नका. त्या दिवशी वर चढायचं नाही; त्रास वाढला तर रात्र असली तरी खाली उतरायचं. डायमॉक्स (उंचीच्या त्रासावरची गोळी) डॉक्टरांना विचारूनच. सल्फा गटातल्या औषधांची ॲलर्जी असेल तर आधी कळवा.

रोख रक्कम वाटेतल्या बागेश्वर शहरातच काढून ठेवा.