तांब्यावरचं झाकण

आदरणीय सर,
साष्टांग नमस्कार.

नववी 'क' सोडून सव्वीस वर्षं झाली, तरी तुम्हाला लिहायला बसलं की ऱ्हस्व-दीर्घाची धास्ती वाटते. चुका सापडल्या तर लाल शाईने गोल करून परत पाठवा. पत्र चारचौघांत लिहितेय, पण तुमचं नाव घालत नाही. तुम्हाला ते आवडणार नाही, आणि तालुक्यात ज्यांना कळायचं त्यांना पहिल्या दोन ओळींतच कळेल.

तीन वर्षांपूर्वी मी ते झाकण कापडी पिशवीत घालून तुमच्या पडवीत आले होते. आमच्याकडे आजीच्या काळापासून ते पिण्याच्या पाण्याच्या तांब्यावर असायचं. मध्ये एक बाई, तिच्या पायाशी सिंह, कडेने इंग्रजी अक्षरं. दर दसऱ्याला आई ते चिंचेने घासायची, त्यामुळे सिंहाचं तोंड पार गुळगुळीत झालेलं. पणजोबा 'बसऱ्याला लढाईत गेले' आणि 'सरकारने हे पाठवलं', एवढंच घरात माहीत होतं. सोबत एक चांदीचं मेडल होतं, ते कुठल्याशा वाईट वर्षी सोनाराच्या मुशीत गेलं.

त्याआधी मी एका इतिहासाच्या जाणकारांकडे गेले होते. त्यांनी झाकण हातातही न घेता सांगितलं, "असे हजारो गेले, शिपायांच्या नोंदी कोण ठेवतो?" तुमच्याबद्दल विचारलं तर म्हणाले, "ते मराठीचे मास्तर, त्यांना लढाईतलं काय कळतं?" हे तुम्हाला कधी सांगितलं नव्हतं. आता सांगते, कारण तुम्ही हसाल हे ठाऊक आहे.

तुम्ही ते खिडकीशी तिरपं धरलंत आणि उंचवट्यावरून बोट फिरवत वाचलंत: 'ही डाइड फॉर फ्रीडम अँड ऑनर', स्वातंत्र्यासाठी नि सन्मानासाठी तो मेला. मग चष्मा काढून म्हणालात, "एप्रिल १९१६. इकडे बेळगावात टिळक होमरूल लीग काढतायत, आणि त्याच महिन्यात तिकडे इराकात कूतला आपली माणसं तुर्कांना शरण जातायत. कोणाचं फ्रीडम, ते तू ठरव." आणि आतून चहा सांगितलात.

झाकण म्हणजे खरं तर पहिल्या महायुद्धात मेलेल्यांच्या घरी सरकारने पाठवलेलं स्मृतिपदक. पलटण त्यावर नव्हती. मरणात सगळे सारखे म्हणून या पदकावर हुद्दा नि पलटण घालतच नसत, हे तुमच्याकडूनच कळलं. मेडलच्या कडेवर ते सगळं कोरलेलं असतं, पण मेडल तर वितळलेलं. राहिलं फक्त नाव, तेही साहेबाच्या कानाने ऐकलेलं. इथे मराठीचा मास्तर कामाला आला. आमच्या आडनावात दंत्य 'च' आहे आणि 'ळ'ही आहे, म्हणजे भरती करणाऱ्या साहेबाची दोनदा दांडी उडालेली. नववीत तुम्ही 'चाक' आणि 'चिमणी' पुन्हा पुन्हा म्हणायला लावायचात तेव्हा आम्ही मागच्या बाकावर खिदळायचो. तोच धडा तुम्ही पडवीत पुन्हा घेतलात. कागदावर आमचं आडनाव इंग्रजीत किती तऱ्हांनी लिहिलं जाऊ शकेल ते मांडलंत. अकरा तऱ्हा झाल्या. महायुद्धांत मेलेल्या शिपायांच्या नोंदी ठेवणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनकडे नवव्या तऱ्हेने पणजोबा सापडले. बापाचं नाव, गाव, खेड, रत्नागिरी. ११०वी मराठा लाइट इन्फन्ट्री.

आईला फोन केला तेव्हा ती काहीच बोलली नाही. मागे कुकरच्या शिट्ट्या ऐकू येत होत्या.

तुम्ही सांगितलंत की ते कूतच्या वेढ्यात गेले. जनरल टाउनशेंडची सहावी पुणे डिव्हिजन, डिसेंबर १९१५ पासून जवळजवळ पाच महिने तैग्रिस नदीच्या एका वळणात कोंडलेली. जवाचं पीठ, तेही मोजून. घोडी कापायची वेळ आली तेव्हा आपल्याकडच्या पुष्कळ शिपायांनी ते मांस आधी नाकारलं आणि स्कर्व्हीने हिरड्या सुजल्या. शेवटी शेवटी विमानांतून पिठाची पोती टाकली, ती कुठे पुरणार? २९ एप्रिल १९१६ला शरणागती. सुमारे १३,००० माणसं कैदेत गेली. मी हे सगळं घरी रंगवून सांगितलं. भावाने तर गावच्या कमानीवर 'कूतच्या रणांगणावर धारातीर्थी' असं लिहायचं ठरवून पेंटरला सांगूनही टाकलं.

दोन महिन्यांनी रात्री साडेनऊला तुमचा फोन. "माझं चुकलं गं. तारीख नीट वाचली नव्हती." मृत्यू सप्टेंबर १९१६चा होता, शरणागतीनंतर पाच महिन्यांनी. म्हणजे ते वेढ्यातून जिवंत बाहेर पडले होते आणि मग कैदी म्हणून उन्हातून चालत गेले. बगदाद, मोसुल, आणि पुढे सीरियातल्या रास-अल-ऐनकडे, जिथे बगदाद रेल्वेच्या कामाला कैद्यांना जुंपलं होतं. बहुधा हगवणीने, बहुधा त्याच वाटेवर.

आभार खरं तर या फोनचे मानायचेत. तुम्ही गप्प बसला असतात तर आम्हाला काय कळणार होतं? कमान रंगली असती, सगळे खूश झाले असते.

भाऊ चिडला. हगवणीने मेलेला माणूस कमानीवर कसा लिहायचा, म्हणाला. तुम्ही स्वतः एसटीने गावात आलात आणि चावडीच्या कट्ट्यावर बसून त्याला समजावलंत. धारा म्हणजे तलवारीची धार, त्या धारेच्या तीर्थावर देह पडला तर धारातीर्थी. "तुझा पणजा तहानेने मेला असेल तर त्याच्या तहानेला तलवार म्हणू नको. तहानच म्हण. ती काय कमी आहे?" अशा शिपायांवरच्या तुमच्या तिन्ही पुस्तकांत 'वीरगती' हा शब्द का नाही, ते मला त्या कट्ट्यावर समजलं. तुम्ही 'वारला' लिहिता, 'बुडाला' लिहिता, 'परत आला पण बोलेनासा झाला' लिहिता. एकदा तर एका हवालदाराबद्दल नुसतं 'पेन्शन घ्यायला शेवटचा आला तो अमुक साली' एवढंच. (पाचशे प्रतींतल्या दोनशे अजून तुमच्या माळ्यावर आहेत, हेही मला माहीत आहे. पदरचे पैसे घालून छापलेल्या.)

शाळेजवळच्या दगडी पाटीपासून हे सुरू झालं, असं तुम्हीच एकदा वर्गात सांगितलं होतंत. या गावातून महायुद्धाला इतके गेले, पैकी इतक्यांनी प्राण दिले. आकडे आहेत, नाव एकाचंही नाही. बसऱ्याच्या स्मारकावरही तीच गत: ४०,०००हून जास्त माणसांचं स्मारक, पण भारतीय शिपायांचे पलटणीगणिक नुसते आकडे कोरलेले. व्याकरणाच्या तासाला तुम्ही विचारायचात, "संख्याविशेषण आहे, विशेष्य कुठाय?" आम्ही वहीत उत्तर लिहून मोकळे झालो. तुम्ही चौतीस वर्षं शिकवता शिकवता, आणि निवृत्तीनंतरही, वाड्यावाड्यांतून ते विशेष्य शोधत राहिलात. मोडीतली पत्रं उलगडलीत, कुणाच्या कणगीमागे पडलेला पेन्शनचा कागद, कुणाच्या म्हाताऱ्या आत्येला आठवणारं एक नाव.

आणखी एक. ११०वी पुढे १९२२मध्ये पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची तिसरी बटालियन झाली, आणि १० जुलै १९४४ला इटलीत व्हिक्टोरिया क्रॉस मिळवणारे नाईक यशवंत घाडगे त्याच बटालियनचे. हे तुम्ही भावाला सांगितलंत तेव्हा त्याचा चेहरा जरा उजळला. ते त्याच्यासाठीच सांगितलं होतंत, हे मी ओळखलं.

कमानीवर आता नाव, पलटण, तारीख आणि 'युद्धकैदी असताना वारले' एवढं आहे. पेंटरने 'युद्धकैदी'तला 'यु' दीर्घ काढला होता, तो मी उभी राहून पुसून घेतला.

झाकण देवघराशेजारी खिळ्याला लटकवलंय. चिंच लावायची नाही, असं तुम्ही बजावलंय खरं. मी पुण्याला परतले की आई हळूच लावते, असा मला दाट संशय आहे.

तुमच्या मोतीबिंदूचं कळलं. नव्या वहीतल्या याद्या वाचून दाखवायला कोणी हवं, असं वहिनी म्हणत होत्या. मी दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी मोकळी असते. सकाळच्या गाडीने निघाले तर दुपारच्या चहाला पोचते.

आपली विद्यार्थिनी,
नववी 'क', खिडकीकडची रांग, शेवटचा बाक