लकडगंजहून सईला

चि. सई,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू देहरादूनच्या अर्जाचं विचारलंस आणि मी 'बघू' म्हणून विषय संपवला. तेव्हापासून मनाला चैन नाही. फोनवर मला नीट बोलता येत नाही, म्हणून लिहितो आहे.

तिथल्या वन संशोधन संस्थेत वानिकीची, म्हणजे जंगलाच्या शास्त्राची, एम.एस्सी. आहे, तशी लाकूड विज्ञान आणि तंत्रज्ञानाचीही आहे. तू लाकूड विज्ञानाकडे झुकतेस ती आपल्या आरा मशीनकडे बघून, हे मला कळतं बेटा. तसं करू नकोस. ते शास्त्र मोठंच आहे. ओंडका वाळताना का फाटतो, सागाच्या गाभ्याला वाळवी का लागत नाही, हे मलाही शिकायला आवडलं असतं. पण तुझा प्रश्न तो नव्हता. सातवीत होतीस तेव्हा वखारीत ओंडक्याच्या कापावर खडूने खुणा करत तू वर्षं मोजायचीस. एकदा विचारलंस, "बाबा, ही दोन वलयं एवढी बारीक का?" पाऊस कमी पडला असेल, असं म्हणून मी कामाला लागलो.

त्या प्रश्नावर आयुष्य घालवणारी माणसं आहेत, हे मला आत्ता कळलं. उष्ण प्रदेशातल्या पुष्कळ झाडांत वर्षाचं वलय स्पष्ट दिसत नाही, सागात दिसतं. उन्हाळ्यात तो पानं गाळून थांबतो, आणि नवी वाढ सुरू झाली की मोठ्या छिद्रांची ओळ उमटते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत अशा वलयांवरून जुन्या काळातल्या पावसाचा अभ्यास झाला आहे. त्यासाठी झाड पाडावं लागत नाही, पोकळ गिरमिटाने पेन्सिलीहून बारीक कांडी काढतात. आणि मी तुला दिलेलं उत्तर अर्धवट होतं. अळीने पानं फस्त केली तरी वाढ खुंटते. पाऊस मध्येच दडी मारून परतला, तर एकाच वर्षात खोटं वलयही पडतं. म्हणून पुष्कळ झाडांची वलयं एकमेकांशी ताडून बघतात.

तेव्हा अर्ज करताना तुझ्या प्रश्नावर कोण काम करतंय ते आधी शोध, संस्थेचं नाव मागाहून बघू. अमेरिकेत जायचं तर आधी प्राध्यापकालाच लिहावं लागतं. त्यांच्या प्रकल्पात जागा असली, तर सहायक म्हणून काम करून बहुतेक वेळा फी माफ होते आणि राहण्याखाण्याचं भागतं. जर्मनीत ड्रेस्डेनच्या तांत्रिक विद्यापीठाची वानिकी शाळा थारांट गावात आहे, १८११ पासूनची. तिथे उष्णकटिबंधीय वानिकीचा अभ्यासक्रम इंग्रजीत चालतो. त्यासाठी डीएएडी या जर्मन संस्थेची शिष्यवृत्ती मिळू शकते, पण तिला साधारण दोन वर्षांच्या कामाचा अनुभव लागतो.

तो अनुभव तू इथे घ्यावास, असं माझं मन सांगतं. भारतीय वन सर्वेक्षणाचं मध्य विभागाचं कार्यालय आपल्या नागपुरात सेमिनरी हिल्सवर आहे. अमरावती रोडला मातीचं राष्ट्रीय ब्युरो आहे. उपग्रहांवरून महाराष्ट्राची जमीन वाचणारं सुदूर संवेदन केंद्रही इथेच आहे. वलयं, माती आणि वरून घेतलेलं चित्र एकत्र बघणारी मुलगी परदेशात गेली, तर ती स्वतःचा प्रश्न सोबत घेऊन जाईल. प्रकल्प सहायकांच्या जाहिराती येतात, त्यांच्यावर लक्ष ठेव. जबलपूरच्या उष्णकटिबंधीय वन संशोधन संस्थेच्याही बघत जा, महाराष्ट्र त्यांच्याच क्षेत्रात येतो.

पैशाची काळजी तू करायची नाही. आईशी माझं बोलणं झालंय.

गेल्या आठवड्यात आलापल्लीच्या लिलावातला माल आला. एका ओंडक्याची बुडाकडची चकती कापून वेगळी ठेवली आहे. फाटू नये म्हणून मागच्या खोलीत सावलीत वाळते आहे. साठच्या पुढे मोजली, मग कडेकडची वलयं इतकी दाट झाली की मला सुटी करता येईनात. अकोल्याहून येताना भिंग घेऊन ये.

तुझे,
बाबा